कुठल्या किनाऱ्याची पदवी?

सागरी जीवशास्त्र कुठे शिकता येईल, असे विचारले की उत्तरादाखल ठरलेली गावे पुढे येतात. तमिळनाडूत परंगीपेट्टै, केरळात कोची, कर्नाटकात कारवार, अंदमानात पोर्ट ब्लेअर, गोव्यात ताळगावचे पठार. बहुतेक ठिकाणी विषयाची सुरुवात एमएस्सीपासून होते. त्याआधी प्राणिशास्त्रात किंवा तशाच एखाद्या विषयात बीएस्सी करावी लागते. यादी खरी आहे, पण ती वाचून समज मात्र चुकीचा होतो. ही सगळी दुकाने एकच माल विकतात, जिथे प्रवेश मिळेल तिथे जावे, असे वाटू लागते. गणिताच्या बाबतीत ते चालेलही. सागरी जीवशास्त्राचा प्रत्येक विभाग मात्र आपापला समुद्र शिकवतो. म्हणून अभ्यासक्रम किती आहेत हे मोजण्याआधी ते कोणत्या किनाऱ्यांवर आहेत, हे पाहायला हवे.

यातले सर्वांत बोलके उदाहरण परंगीपेट्टैचे आहे. अण्णामलै विद्यापीठ चिदंबरमला, पण त्याचा हा विभाग मुख्य आवारापासून दूर, वेल्लार नदीच्या मुखाशी आहे. युरोपीय व्यापारी ज्याला पोर्टो नोव्हो म्हणत, ते हे जुने बंदर. प्रा. आर. व्ही. शेषय्या यांनी इथे सागरी जीवशास्त्राचे काम उभे केले आणि १९६३मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याला प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा दिला. जागेची निवड हीच या संस्थेची खरी पुंजी आहे. दारात खाडी, समोर उथळ समुद्र, दक्षिणेला पिच्चावरमचे कांदळवन आणि त्यांना जोडणारे पश्चजल. चार वेगवेगळ्या खारटपणाची पाणी हाताच्या अंतरावर असल्याने एकाच दिवसात चारही ठिकाणचे नमुने आणून ताजेपणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतात. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी मुखापर्यंत आले की प्लवक कसे बदलतात आणि उन्हाळ्यात समुद्र आत सरकला की कोणती अळी पुन्हा दिसू लागते, हे पाहायला वर्षभर तिथेच असावे लागते. सहलीने गेलेल्याला त्या वर्षातला एखादाच दिवस दिसतो.

अशा मुक्कामाचे मोल २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर दिसले. याच केंद्राचे के. कथिरेसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने परंगीपेट्टैच्या किनाऱ्यावरील १८ वस्त्यांची पाहणी करून २००५मध्ये निष्कर्ष मांडला की कांदळवनाआडच्या वस्त्यांचे नुकसान कमी झाले. पुढच्याच वर्षी इतर संशोधकांनी ती आकडेवारी पुन्हा तपासली. वस्तीचे समुद्रापासूनचे अंतर आणि तिची उंची हिशेबात धरली, तर झाडांचे श्रेय फारसे उरत नाही, असे त्यांनी दाखवले. या वादात बाजू कोणतीही घ्यावी, पण वाद होऊ शकला तो लाटेनंतर लगेच वस्तीवस्तीत जाऊन कोणीतरी मोजणी केली होती म्हणून. जी माहिती गोळाच झालेली नसते, ती खोडून तरी कशी काढणार?

परंगीपेट्टैला जे शिकता येते ते कोकणात जसेच्या तसे लागू पडत नाही. तिथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर. मुंबईत मोठ्या उधाणाला तो चार मीटरहून अधिक होतो. तिथला किनारा वाळूचा आणि गाळाचा, इकडे काळ्या कातळाचा आणि जांभ्याचा. ओहोटीला उघडी पडणारी डबकी, खडकाला धरून बसलेली कालवे, शेवाळाचे पट्टे हा इकडचा पाठ आहे. त्याचे शिक्षण आपल्याकडे आले ते मुख्यतः मत्स्यशास्त्राच्या वाटेने. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ची, अभिमत विद्यापीठ झाली १९८९मध्ये. रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१चे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे. दोन्हींचे काम मोठे आहे, पण मत्स्यशास्त्राचा मूळ प्रश्न मासळी किती धरावी आणि कशी वाढवावी हा. ज्याला बाजारात भाव नाही अशा जीवाचे काय, हा प्रश्न सागरी जीवशास्त्राचा. मुंबईत सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळे आडवी आली, तेव्हा २०२०मध्ये ती हलवण्यासाठी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मदत घ्यावी लागली. प्रवाळ कुणाच्या ताटात येत नाही, पण ते ओळखणारा माणूस लागतोच.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, आता उपग्रह पाण्याचा रंग सांगतात आणि बाटलीभर पाण्यातल्या डीएनएवरून प्रजाती कळतात, मग चिखलात कशाला उतरायचे? पण तो डीएनए जुळवून पाहायला कोणीतरी आधी प्राणी हातात धरून त्याचे नाव नक्की केलेले असावे लागते. दुसरा आक्षेप खर्चाचा. होडी, समुद्राच्या पाण्याच्या टाक्या, प्रयोगशाळा हे सगळे प्रत्येक जिल्ह्यात परवडणारे नाही, हे मान्य. पण कातळाच्या किनाऱ्याचे मूलभूत शिक्षण होडीविना सुरू होते आणि रत्नागिरीत सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आधीपासून आहेच. तिसरा आक्षेप नोकरीचा, आणि तो सर्वांत वजनदार. मत्स्यशास्त्राच्या पदवीला सरकारी पदांची वाट आहे, सागरी जीवशास्त्राला ती अरुंद आहे. म्हणूनच आधी प्राणिशास्त्राचा भक्कम पाया घालून मग हा विषय निवडणे शहाणपणाचे. मात्र राज्याने २०१२मध्ये कांदळवन कक्ष उभा केला आहे आणि किनाऱ्यावरच्या प्रकल्पांना पर्यावरण अहवाल लागतातच. काम वाढते आहे. ते इथला किनारा जाणणाऱ्यांनी करायचे की तो पुस्तकात पाहिलेल्यांनी, एवढेच ठरायचे आहे.

म्हणून प्रवेश घेणाऱ्याने माहितीपत्रकाबरोबर विभागाचे वेळापत्रकही मागून पाहावे. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते आणि मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास लागते. प्रात्यक्षिके वर्षभर मंगळवारी दुपारी दोनलाच असतील, तर निम्म्या मंगळवारी विद्यार्थ्यांना पाण्याखाली गेलेला खडकच पाहावा लागेल.