खाशाबांच्या वाटखर्चाची गोष्ट

बारडोलीत आपल्या मराठी घरांतली मुलं-मुली आता ज्युदो-कराटेच्या क्लासला जाऊ लागली आहेत. माझी लेकही म्हणते, "मला देशाच्या संघात जायचंय." मग मी तिला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे हे पैलवान. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. मातीत घडलेला हा गडी तिथे मॅटवर लढला आणि सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी संघात जागा मिळाली, पण वाटखर्चाचं काय? लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! तसं दुसरं यायला १९९६ साल उजाडलं. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या भरवून खर्डेकर सरांचे पैसे फेडले.

मुलांनो, इथून जिल्हा, मग गुजरात, मग राष्ट्रीय स्पर्धा अशा पायऱ्या चढायच्या आहेत. त्या तुम्हीच चढायच्या. पण प्रवास, किट, शिबिरं हा खर्च एकट्या घराला झेपत नाही. म्हणून आम्हा मोठ्यांना माझं एक सुचवणं आहे: गणपतीच्या वर्गणीतून दरवर्षी थोडी रक्कम खेळाडूंसाठी बाजूला ठेवूया. निवडीचं पत्र आल्यावर कुणाला घर गहाण टाकायची वेळ यायला नको.