पॉकेट वायफाय घेताय? आधी सिम तपासा

गावी बसून काम करणाऱ्या, ऑनलाइन इंटरव्ह्यू देणाऱ्या बऱ्याच जणांना पडणारा प्रश्न: कुठलं पॉकेट वायफाय घेऊ? मी म्हणतो, डिव्हाइस नंतर, आधी रेंज बघा.

ही डबी स्वतः नेट तयार करत नाही. आतल्या सिमवर टॉवरचा सिग्नल घेते आणि वायफायने वाटते, बस्स. ज्या कंपनीची रेंजच नाही, तिचं सिम डबीत घालून काय उपयोग? म्हणून जिथे बसणार तिथेच, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, फोनच्या हॉटस्पॉटवर व्हिडिओ कॉल करून बघा.

दुसरं, बँड. आपल्याकडे फोरजीसाठी ३, ५ आणि ४० हे बँड भरपूर वापरतात. त्यातला ५, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, भिंतीतून जास्त चांगला आत येतो. कुणी परदेशातून डिव्हाइस आणलं असेल तर हे आकडे आणि सिम-लॉक नक्की तपासा.

तिसरं, डेटा. प्लॅनमध्ये अनलिमिटेड फाइव्हजी असलं, तरी तेच सिम फोरजी डबीत घातलं की रोजचा कोटा जळायला लागतो. ग्रुप व्हिडिओ कॉलला तासाला साधारण १ जीबी लागतो. म्हणजे दीड जीबीचा प्लॅन ऐन इंटरव्ह्यूत संपू शकतो.

मग डबी घ्यायची कधी? रेंज फक्त खिडकीत येत असेल तर: डबी खिडकीत, तुम्ही टेबलावर. किंवा घरात दोन-तीन जणांना रोज नेट लागत असेल तर. महिन्यातून दोनदाच लागत असेल, तर हॉटस्पॉट पुरे. तेच पैसे मोठ्या डेटा प्लॅनला लावा.