मोटारसायकलच्या आसाचे कातकाम व जोडणी

मोटारसायकलच्या चाकातून आरपार जाऊन ते चाक गाडीच्या सांगाड्याला किंवा पुढील चिमट्याला धरून ठेवणाऱ्या पोलादी दांड्यास आस म्हणतात. गॅरेजमध्ये तो ‘एक्सल’ या नावाने ओळखला जातो. जुन्या गाडीचे सुटे भाग मिळेनासे झाल्यास आस, बुश व अंतरनळी हे भाग लेथवर मापाप्रमाणे कातून घ्यावे लागतात. वाशिमसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात असे काम शेतीची अवजारे दुरुस्त करणाऱ्या लेथच्या दुकानात किंवा घरच्या छोट्या कार्यशाळेत केले जाते.

रचना

बैलगाडीप्रमाणेच मोटारसायकलचा आस स्वतः फिरत नाही. चाक त्याभोवती फिरते. रेल्वेच्या डब्याचा आस मात्र चाकांसह फिरतो. चाकाच्या तुंब्यात दोन्ही बाजूंना बॉल बेअरिंगे बसवलेली असतात. बेअरिंगचे बाहेरचे कडे तुंब्याबरोबर फिरते, तर आतले कडे आसावर स्थिर राहते. दोन्ही आतल्या कड्यांमध्ये अंतरनळी असते. बाजारात तिला ‘स्पेसर’ म्हणतात. नट आवळल्यावर येणारा दाब बुश, आतले कडे व अंतरनळी यांतून पलीकडे जातो. नळी आखूड असल्यास हा दाब बेअरिंगच्या गोळ्यांवर आडवा पडतो. बेअरिंग तापते, आवाज करते व लवकर निकामी होते. म्हणून नळीची लांबी आसाच्या व्यासाइतकीच काटेकोर असावी लागते.

साहित्य

आसासाठी सुमारे ०.४ टक्के कार्बन असलेले ईएन-८ किंवा निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनमयुक्त ईएन-२४ हे पोलाद वापरता येते. बांधकामाची सळई किंवा भंगारातील अनोळखी दांडा वापरणे धोक्याचे असते.

मापे व कातकाम

सामान्य बेअरिंगच्या क्रमांकातील शेवटचे दोन अंक आतील व्यास दर्शवतात : ०१ म्हणजे १२ मिमी., ०२ म्हणजे १५ मिमी. व ०३ म्हणजे १७ मिमी. उदा., ६३०२ या बेअरिंगचे भोक १५ मिमी. असते. आस त्यातून हाताने सरकावा, पण खुळखुळू नये, यासाठी ‘जी-६’ या प्रमाणित मापानुसार त्याचा व्यास १४.९८३ ते १४.९९४ मिमी. ठेवतात. म्हणजे कारागिराला जेमतेम ०.०११ मिमी. इतकीच मोकळीक मिळते. १५ मिमी. व्यासाचा पोलादी दांडा ५० अंश सेल्सिअसने तापल्यास सुमारे ०.००९ मिमी. फुगतो. त्यामुळे नुकताच कातलेला दांडा गरम असताना मोजल्यास तो निवल्यावर बारीक निघतो. वाशिमकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी दांडा व मायक्रोमीटर दोन्ही सावलीत ठेवून एकाच तापमानाला आल्यावर मोजणे इष्ट.

दांडा दोन्ही टोकांना सेंटरवर धरून कातल्यास त्याचे सर्व भाग एकाच मध्यरेषेवर येतात. व्यास बदलतो त्या ठिकाणी तीक्ष्ण कोपरा न ठेवता गोलाई देतात; तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटतो आणि पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने धातूला शीण येऊन तेथूनच तडा जातो. याच कारणाने आट्यांचा भाग बेअरिंगखाली येऊ देत नाहीत.

जोडणी

अॅल्युमिनियमचा तुंबा सुमारे १०० अंशांपर्यंत तापवला की तो प्रसरण पावतो व बेअरिंग सहज बसते. ते बसवताना बाहेरच्या कड्यावरच दाब द्यावा. दोन्ही चाके एका रेषेत व साखळी सरळ येईल अशी बुशांची लांबी ठेवतात. नट उत्पादकाच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळून त्याला स्प्लिट पिन लावतात किंवा आपोआप घट्ट राहणारा नट वापरतात. नट आवळल्यानंतरही चाक मोकळे फिरले पाहिजे आणि हाताने हलवल्यास त्यात खेळ जाणवता कामा नये.

सुरक्षितता व कायदा

आस तुटल्यास धावत्या गाडीचे चाक निखळू शकते. त्यामुळे वाकलेला आस ठोकून सरळ करणे किंवा तडा गेलेला आस वेल्डिंगने जोडणे टाळतात. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे. वाशिम जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी एमएच-३७ या क्रमांकाखाली होते.