वूंड की वाउंड? एका अक्षरावर अडलेली पेन्शन

आजच्या भागात एकच इंग्रजी शब्द घेतलाय, तोही जेमतेम पाच अक्षरांचा. डब्ल्यू, ओ, यू, एन, डी. मनातल्या मनात कसा वाचलात? 'वाउंड'? मग हा भाग तुमच्यासाठीच आहे.

निमित्त झालं एका श्रोत्याच्या मेसेजचं. हा दादा बाइकवरून पडला आणि मनगटाचं हाड मोडलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताने कसंबसं टाइप करून त्याने ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, 'आय ॲम वूंडेड, कान्ट कम टुडे.' साहेबांचं उत्तर आलं, 'कुठल्या सीमेवर?' खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. बिचारा विचारतोय, डिक्शनरीत तर वूंड म्हणजे जखम असंच लिहिलंय, मग माझं चुकलं कुठे?

खरं सांगू का, घोळ आपल्या 'जखमी' या शब्दाने केलाय. तो फार मोठ्या मनाचा आहे. बस उलटली तरी प्रवासी जखमी, लढाईत गोळी लागली तरी जवान जखमीच. इंग्रजीत इथे दोन वाटा फुटतात. अपघातात, खेळताना, पडून-धडपडून लागलं तर माणूस 'इन्जर्ड'. गोळी, सुरा, बॉम्ब अशा हत्याराने लागलं तर 'वूंडेड'. म्हणून फास्ट बोलर सीरिजमधून बाहेर जातो तो 'इन्जर्ड' असतो, आणि युद्धाच्या बातमीतला सैनिक 'वूंडेड'. साहेबांना सीमा आठवली ती त्यामुळेच.

आता जरा थांबा, कारण हे झालं माणसाबद्दल. नुसतं 'वूंड' म्हटलं, म्हणजे जखम या अर्थाने, तर ते फुटलेल्या गुडघ्यालाही चालतं. त्यासाठी लढाईवर जायची गरज नाही. रोजच्या बोलण्यात तिथे अट एकच, कातडी फाटलेली हवी. धुवायला, टाके घालायला, पट्टी बांधायला काहीतरी उघडं असायला हवं. दादाचं हाड आत मोडलं होतं, वरची कातडी शाबूत होती, म्हणून ती 'इन्जरी'. उद्या तुम्हाला इंग्रजीत फोन करून मदत मागावी लागली, तर हा फरक उपयोगी पडेल. 'हेड वूंड' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांसमोर उघडी जखम आणि रक्त येतं. 'हेड इन्जरी'त आतला मारही येतो, रक्ताचा थेंब दिसत नसला तरी.

उच्चाराचंही उरकून घेऊ. जखम असेल तर 'वूंड'. पण अगदी हेच स्पेलिंग 'वाइंड', म्हणजे गुंडाळणे, या क्रियापदाचा भूतकाळ म्हणूनही येतं आणि तेव्हा उच्चार 'वाउंड'. जुन्या इंग्रजीत साउंड, ग्राउंड, हाउस अशा शब्दांत 'ऊ' होता. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे लांब स्वर बदलत गेले आणि या 'ऊ'चा 'आउ' झाला. जखमेचा 'वूंड' मात्र जुन्या उच्चारावर अडून बसला. त्यामुळे 'ग्राउंड'सारखं दिसतंय म्हणून 'वाउंड' म्हणायला गेलात, की जखमेऐवजी दोरा गुंडाळाल.

आता मजा बघा. जखम उघडी असते, ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की या शब्दाचे बाकीचे अर्थ पाठ करावेच लागत नाहीत. उघडी जखम पुन्हा उघडता येते, म्हणून 'ओपन ओल्ड वूंड्स'. आपण म्हणतो, खपली काढू नकोस. तिच्यावर मीठ टाकलं तर झोंबतं, म्हणून 'रब सॉल्ट इन्टु द वूंड'. आपल्याकडेही मीठच चोळतात! 'लिक युअर वूंड्स' मात्र जपून वापरा. भांडणात हरलेलं कुत्रं कोपऱ्यात बसून अंग चाटतं, तसं हरल्यावर बाजूला जाऊन स्वतःला सावरणं, असा त्याचा अर्थ. मराठीत शब्दशः 'जखमा चाटतोय' म्हणालात तर लोक विचित्र नजरेने बघतील. आणि 'सेल्फ-इन्फ्लिक्टेड वूंड' म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेणं.

अभिमानही 'वूंडेड' होतो. पण मित्राने वाढदिवसाला फोन केला नाही म्हणून 'आय ॲम वूंडेड' लिहिलंत, तर तो नाटकी टोमणा वाटेल. खरंच वाईट वाटलं असेल तर साधं 'आय ॲम हर्ट' पुरतं.

इथपर्यंत सगळं व्याकरणाचं. पण मनाची जखम ही नुसती बोलायची पद्धत, की खरोखरची जखम? या प्रश्नावर माणसांची पेन्शन अडलेली आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात अंगावर ओरखडाही नसलेले सैनिक दवाखान्यात येऊ लागले. हात थरथरतायत, झोप उडालीय, काहींची वाचाच गेलीय. याला नाव पडलं 'शेल शॉक'. मग सैन्याने त्याचे दोन भाग केले. शत्रूचा तोफगोळा जवळ फुटून हे झालं असेल तर कागदावर 'शेल शॉक, डब्ल्यू'. हा डब्ल्यू 'वूंडेड'चा. तसं नसेल तर 'शेल शॉक, एस', म्हणजे 'सिकनेस', आजारपण. डब्ल्यूवाल्याला जखमी सैनिकाचा मान, बाहीवर लावायची पट्टी आणि पेन्शनचा हक्क. एसवाल्याला यातलं काही नाही. थरथर दोघांची तीच. फरक एका अक्षराचा.

तो वाद अजून संपलेला नाही. अमेरिकेत 'पर्पल हार्ट' नावाचं पदक आहे, 1932 मध्ये सुरू झालेलं. शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या सैनिकांना ते देतात. सैनिक तळावर गाडी घसरून पाय मोडला तर मिळत नाही, कारण ती 'इन्जरी'. मग युद्धातून परतल्यावर रात्र रात्र दचकून उठणाऱ्यांचं काय? त्या त्रासाला आज 'पीटीएसडी' म्हणतात. 2009 मध्ये पेंटॅगॉनने जाहीर केलं की त्यासाठी हे पदक द्यायचं नाही, कारण ती शत्रूने बाहेरून घातलेली जखम नाही, प्रसंगाचा मागाहून झालेला परिणाम आहे.

गंमत म्हणजे पीटीएसडीमधला 'टी' आहे 'ट्रॉमॅटिक'चा. ते आलंय 'ट्रॉमा'वरून, आणि 'ट्रॉमा' हा मूळचा ग्रीक शब्द. अर्थ? जखम! हॉस्पिटलच्या ट्रॉमा सेंटरमध्ये तो अजून शरीराच्या जखमेसाठी आहे आणि तुमच्या रील्समध्ये मनाच्या. म्हणजे आजाराच्या नावातच जखम आहे, पण पदकाच्या यादीत ती जखम नाही.

तेव्हा यापुढे कुठे 'इन्व्हिजिबल वूंड्स' असं वाचलंत, तर तो नुसता सुंदर शब्दप्रयोग समजू नका. न दिसणारी जखमही जखमच धरा, असा तो हक्क आहे, आणि तो अजून मागितला जातोय.

दादा, मनगट लवकर बरं होवो. आणि साहेबांना पुढच्या वेळी लिही, 'आय ॲम इन्जर्ड.' बाकीच्यांना गृहपाठ. हे वाक्य न अडखळता तीनदा म्हणायचं: 'द बँडेज वॉज वाउंड अराउंड द वूंड.' जमलं तर रेकॉर्ड करून पाठवा. भेटू पुढच्या भागात!