देव्हारा नसलेलं घर

अलिबागला आमच्या शेजारी एक बेने इस्राएल कुटुंब राहत असे. लहानपणी एका शुक्रवारी संध्याकाळी आईनं मला त्यांची वाटी परत द्यायला पिटाळलं. मावशींनी नुकताच दिवा लावला होता. टेबलावर काळ्या मनुकांचा रस झाकून ठेवलेला. घरभर नजर फिरवून मी विचारलं, "मावशी, तुमचे देव कुठं आहेत?"

त्या हसल्या. "आमच्यात देव्हारा नसतो रे. आज शब्बाथ आहे ना!"

माझ्या प्रश्नाचं हे काही उत्तर नव्हे, असं मला तेव्हा वाटलं. ते उत्तरच होतं, हे कळायला बरीच वर्षं जावी लागली.

ज्यूंच्या तोरात सुरुवातीलाच सृष्टीच्या निर्मितीची कथा येते. आकाश, समुद्र, झाडं, माणूस असं सगळं घडतं आणि ते 'चांगलं' ठरतं. पवित्र मात्र पहिल्यांदा ठरतो तो सातवा दिवस. एखादा डोंगर नव्हे, नदी नव्हे, चक्क एक वार! क्षेत्रं आणि तीर्थं यांत वाढलेल्या आपल्याला हे चमत्कारिकच वाटायचं.

म्हणून स्थळाला मान नाही असं मात्र नाही. जेरुसलेमच्या मंदिराच्या गाभाऱ्यात वर्षातून एकाच दिवशी, योम किप्पुरला, एकटा मुख्य पुरोहित जाई. इ. स. 70 मध्ये रोमनांनी ते मंदिर पाडलं. पुढे रब्बींनी शब्बाथला वर्ज्य अशा 39 प्रकारच्या कामांची यादी सिद्ध केली. नांगरणं, विणणं, शिवणं, विस्तव पेटवणं वगैरे. ती त्यांनी कशावरून काढली? तर वाळवंटात देवासाठी जो मंडप उभारला होता, त्याला लागणाऱ्या कामांवरून. म्हणजे खुद्द देवाचं स्थळ बांधायचं कामसुद्धा त्या दिवशी थांबवायचं! काळ थोर की स्थळ, याचा इतका रोखठोक निवाडा माझ्या तरी वाचनात दुसरा नाही.

या निवाड्याचा खरा कस लागला तो आपल्या कोकणात. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून इथं आले, असं बेने इस्राएल सांगतात. ग्रंथ गेले, हिब्रू भाषा गेली, उरली ती 'शेमा' ही प्रार्थना. प्रार्थनामंदिरही नव्हतं, त्यांचं पहिलं सिनेगॉग मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं ते 1796 साली. तोवर पिढ्यान् पिढ्या त्यांच्यापाशी होतं काय? शनिवार होता. त्या दिवशी तेलाचे घाणे बंद. गावकऱ्यांनी त्यांचं नावच पाडलं, 'शनवार तेली'.

जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक ज्यू लोक अव महिन्याच्या 9 तारखेला पाळतात. कोकणात त्या दिवसाला 'बिरड्याचा सण' म्हणत, असं समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी नोंदवलंय. हजारो मैलांवरच्या मंदिराची तिथी, आणि तिचं नाव बिरड्यावरून! त्यामागचं कारण किती घरांत ठाऊक होतं कोण जाणे. दिवस चुकला नाही, एवढं खरं.

पुढे मावशींचं कुटुंब इस्राएलला गेलं, घर विकलं गेलं. काही वर्षांपूर्वी त्या आल्या, त्या आधी सागावला गेल्या. तिथल्या खडकावर एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा आहेत, असं त्यांचा समाज मानतो. पोहे, खोबरं, साखर असा मलिदा त्यांनी सोबत नेला होता, नवस होता म्हणे. मी गमतीनं म्हणालो, "मावशी, देव्हारा नसतो म्हणालात, आणि हा खडक?" त्यांनी माझ्या हातावर मलिदा ठेवला आणि म्हणाल्या, "खा."

जुनं घर त्यांनी रस्त्यावरूनच पाहिलं. नवीन मालकीणबाई आत बोलावत होत्या, चहा टाकते म्हणत होत्या. पण शुक्रवार होता, आणि सूर्य मावळायच्या आत त्यांना मुंबई गाठायची होती.