मेदपेशींना बटण नसते

व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना सूक्ष्म-आरएनएच्या शोधासाठी 2024 चे नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यापासून, सूक्ष्म-आरएनए हे चरबीचे बटण असून ते एकदा बंद केले की पोहे-जिलबीचा हिशेब ठेवण्याचे कारण उरणार नाही, हे विधान इंदुरातल्या सुशिक्षित मंडळींकडून इतक्या वेळा ऐकावे लागते की त्याचा सविस्तर समाचार घेणे भाग आहे.

पूर्वपेशीत पीपीएआर-गॅमा हे प्रथिन पुरेसे निर्माण झाले म्हणजे ती मेदपेशी होऊ लागते. डीएनए ही दफ्तरातील मूळ सनद आणि प्रथिन जिच्यावरून घडते तो संदेशवाहक आरएनए ही तिची नक्कल मानली, तर जेमतेम 22 अक्षरांचा सूक्ष्म-आरएनए हा त्या नकलेची तामिली मंदावणारा अंमलदार होय. नवा हुकूम काढण्याचा अखत्यार त्याला नाही, आणि एकाच अंमलदाराकडे शेकडो नकला असतात. क्रमांक 27 चा सूक्ष्म-आरएनए पीपीएआर-गॅमाला आवर घालतो, तर 143 हा, 2004 मधील मानवी पूर्वपेशींवरील प्रयोगांनुसार, मेदपेशी घडण्यास साहाय्य करतो. परंतु हाच 143 रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतही कार्यरत असतो, तेव्हा तो बंद करा म्हणणाऱ्यांनी धमन्यांचे काय होईल याचा विचार केलेला नसतो.

193बी आणि 365 ही सूक्ष्म-आरएनएची जोडी तपकिरी, म्हणजे उष्णता निर्माण करणाऱ्या, मेदाच्या घडणीस आवश्यक असल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि 2013 मध्ये ही जोडीच नसलेले उंदीर तयार केले असता त्यांचा तपकिरी मेद सुरळीत वाढलेला आढळला! उलट सूक्ष्म-आरएनए घडवणारे डायसर हे विकरच मेद-ऊतीतून काढून टाकले, तेव्हा पांढरा, म्हणजे साठवणुकीचा, मेद नीट तयार झाला नाही. कार्य समुदायाचे आहे, एकट्यादुकट्याचे नव्हे. मग बटण कुठले?

बटणाखेरीज चरबीविषयीचे इतर समजही असेच ठिसूळ आहेत. भातातील सूक्ष्म-आरएनए रक्तात उतरून आपली जनुके चालवतात, हा 2012 मधील दावा इतर प्रयोगशाळांच्या पडताळणीत टिकला नाही. वजन उतरले की मेदपेशी नाहीशा होतात, हेही खरे नव्हे: स्वीडनमधील 2008 च्या अभ्यासात जठराच्या शस्त्रक्रियेनंतर वजन पुष्कळ घटूनही पेशींची संख्या तीच राहिली, आकार मात्र लहान झाला. आणि सडपातळ माणसाच्या अंगी मेद नसतो असे मानणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे मोजमाप छापले आहे: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण शरीरातील मेद युडकिन यांचा 9.1 टक्के, याज्ञिकांचा 21.2.