चुरगळणे : क्रिया आणि नाद

इंग्रजीतील क्रम्पल, क्रिंकल, रम्पल आणि क्रंच हे शब्द कानाला एकाच कुळातील वाटतात. त्यांचे व्यवहार मात्र भिन्न आहेत. क्रम्पलमध्ये वस्तूचा आकार मोडणे मुख्य. क्रिंकलमध्ये बारीक सुरकुत्या व त्यांबरोबर उमटणारा हलका आवाज. रम्पलमध्ये वस्त्राची वा केसांची ठेवण विसकटणे. तर क्रंचमध्ये दाताखाली अथवा पायाखाली कठीण पदार्थ फुटल्याचा नाद. मराठीत उतरताना यांपैकी पहिले तीन शब्द सहजच ‘चुरगळणे’ या एकाच क्रियापदाच्या स्वाधीन होतात. यावरून मराठीचे शब्ददारिद्र्य सिद्ध होत नाही. मराठीने हे काम निराळ्या रीतीने वाटून घेतले आहे, एवढेच.

‘चुरगळणे’ या क्रियापदात नाद नाही. ओले वस्त्र निःशब्दपणे चुरगळते. आपोआप होते ते चुरगळणे, हाताने करावयाचे ते चुरगाळणे. मऊ पदार्थ बोटांनी कुस्करावयाचा, भाराखाली सापडलेला चिरडला जावयाचा, आणि कागदाचा चोळामोळा व्हावयाचा. नादाचे काम सळसळ, कुरकुर, चुरचुर या वेगळ्याच वर्गाकडे आहे. इंग्रजी एका शब्दात जे एकवटते, ते मराठी दोन शब्दांत विभागते.

ही विभागणी केवळ मराठीची नव्हे. मद्रास विद्यापीठाने १९२४ ते १९३६ या काळात सहा खंडांत सिद्ध केलेला तमिळ कोश उघडला, की ‘कसंगु’ म्हणजे चुरगळणे आणि ‘कसक्कु’ म्हणजे चुरगाळणे अशी जोडी भेटते. मराठी स्वर दीर्घ करते, तमिळ व्यंजन बदलते, भेद तोच. नादासाठी तमिळमध्येही ‘सलसल’, ‘मोरुमोरु’ असे द्विरुक्त शब्द आहेत. असे शब्द जोडीतून सुटे होऊन वावरत नाहीत, हा नियम ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन व्याकरणाने नोंदविला आहे. तो मराठीलाही लागू पडतो : ‘कुरकुर’ अर्धी केली तर अर्थ उरत नाही, आणि ‘खळखळ’ अर्धी केली तर पाण्याऐवजी कांजीची खळ हाती येते.

दक्षिणेकडील भाषांचे कुळ स्वतंत्र आहे, हे एलिसने १८१६ साली मद्रासमध्येच मांडले होते. तरीही अशा शब्दांची प्रवृत्ती कुळांची सीमा ओलांडून भारतभर पसरली आहे, असे एमेनो यांनी १९६९ च्या आपल्या निबंधात दाखविले. तेव्हा या शब्दांना बोलीतील गंमत अथवा शैलीचा अलंकार मानणे युक्त नव्हे; ते भाषेच्या रचनेचेच अंग होत.

समीक्षेच्या दृष्टीने याचे महत्त्व उघड आहे. शेजारच्या खोलीत कोणी पत्र मोडीत आहे आणि पात्राला त्याचा केवळ आवाज ऐकू येत आहे, असा प्रसंग घ्यावा. अनुवादकाने तेथे ‘पत्र चुरगाळले’ असे लिहिले, तर पात्राने न पाहिलेला हात वाचकाला दिसतो. ‘कागदाची चुरचुर ऐकू आली’ असे लिहिले, तर वाचक पात्राइतकाच जाणतो. पहिल्या वाक्यात संशयाला जागा राहत नाही, आणि कथा तर संशयावरच उभी असते.